लहान गलबतांची साक्ष

छंद हा शब्द आपल्या समाजात अद्यापि थोड्या संशयानेच उच्चारला जातो. वकिलाने इतिहास वाचावा, वैद्याने गाणे ऐकावे, एवढे आपण समजून घेतो; परंतु पोक्त वयाचा एखादा गृहस्थ रात्री जेवणे आटोपल्यावर दिव्याखाली बसून काडीएवढ्या डोलकाठीला दोऱ्याचे वेढे घालीत आहे, असे दृष्टीस पडले की घरातील वडील माणसे एकमेकांकडे पाहून हसतात. युद्धनौकांच्या लहान, प्रमाणबद्ध प्रतिकृती घडविण्याचा छंद हा असा हसण्यावारी नेला जाणारा छंद आहे. आम्हांस मात्र तो इतिहासाच्या पुराव्याची एक कठोर परीक्षा वाटतो. जी गोष्ट ग्रंथात दोन ओळींत निभावून नेता येते ती लाकडात निभावत नाही. 'आंग्र्यांचे आरमार प्रबळ होते' हे वाक्य लिहावयास कसलेच मोजमाप लागत नाही. पण त्याच आरमारातील एक गुराब टेबलावर उभी करावयाची म्हटले, की तिची नाळ किती पुढे झुकली होती, डोलकाठी कोठे रोवली होती, तोफेचे तोंड पाण्यापासून किती उंच होते, हे सांगितल्यावाचून पटाशी चालत नाही. ह्या परीक्षेला आपला सागरी इतिहास कितपत उतरतो, हे पाहण्यासाठी सुरत शहराइतके सोयीचे स्थळ दुसरे नाही.

प्रथम 'प्रमाण' म्हणजे काय ते पाहू. भारतीय नौदलात १५ जानेवारी २०२५ रोजी मुंबईच्या नौदल गोदीत 'आय. एन. एस. सुरत' ही विनाशिका दाखल झाली. माझगाव गोदीत बांधलेल्या ह्या नौकेची लांबी सुमारे १६४ मीटर आहे. तीनशे पन्नासास एक ह्या प्रमाणाने तिची प्रतिकृती केली तर ती सुमारे ४७ सेंटिमीटर भरते. सातशेस एक ह्या प्रमाणाने केली तर साडेतेवीस सेंटिमीटर, म्हणजे एखाद्या वहीवर मावण्याजोगी. पहिल्या प्रमाणात तिच्यावरील धडधाकट खलाशी पाच मिलिमीटरांचा होतो. लांबी, रुंदी, उंची, तोफ, दोर, माणूस, सारे एकाच भागाकाराने लहान व्हावयाचे. एकाही अवयवाला सूट नाही. आपल्या मूर्तिकारांना हा विचार परका नाही. शिल्पशास्त्रातील तालमान म्हणजे हाच हिशेब होय. मूर्ती वीतभर असो की पुरुषभर, मुखाची लांबी हे माप धरून बाकीचे अवयव त्याच्या पटीत बसवावयाचे, हा नवतालाचा नियम देवळात वाढलेल्या वाचकास निराळा शिकवावयास नको.

पाश्चात्त्य देशांत ह्या विद्येस गोदीत आश्रय मिळाला. सतराव्या शतकापासून इंग्लंडच्या नौदल मंडळासाठी अठ्ठेचाळीसास एक, म्हणजे पाव इंचास एक फूट, ह्या प्रमाणाने जहाजांचे लाकडी नमुने होऊ लागले. पुढे फ्रान्सशी चाललेल्या युद्धांत इंग्लंडात कैद होऊन पडलेल्या फ्रेंच खलाशांनी जेवणातील हाडे तासून त्यांतून युद्धनौका घडविल्या आणि त्या विकून चार पैसे मिळविले; ते नमुने आज संग्रहालयांत मानाने ठेवलेले आढळतात. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात प्लॅस्टिकचे सुटे भाग पेटीत भरून मिळू लागले, आणि जपानातील शिझुओका येथील चार कारखान्यांनी १९७१ पासून सातशेस एक ह्या प्रमाणाच्या नौकांची मालिकाच काढली. आपल्याकडे ह्या छंदास शिस्तीचे घर मिळाले ते राष्ट्रीय छात्रसेनेत. १९४८ साली स्थापन झालेल्या ह्या संघटनेच्या नौदल शाखेत जहाजांचे नमुने बनविणे हा शिक्षणाचा भाग आहे, आणि अखिल भारतीय नौसैनिक शिबिरात त्याची स्पर्धाही होते. एरव्ही आपली मुले दिवाळीत मातीचे किल्ले करतात, त्यांवर मावळे उभे करतात. परंतु किल्ल्याच्या पायथ्याशी पाणी आणि त्या पाण्यात गलबत क्वचितच दिसते.

आता सुरतेकडे वळू. मोगल साम्राज्याचे हे बंदर. मक्केस जाणारे यात्रेकरू येथूनच जहाजावर चढत. तापीचे मुख गाळाने भरलेले, म्हणून मोठी जहाजे नदीबाहेर सुवाळीच्या समुद्रात नांगर टाकीत. १६१२ साली इंग्रज व पोर्तुगीज यांची चकमक झाली ती येथेच. शिवाजी महाराजांनी जानेवारी १६६४ मध्ये सुरतेवर पहिली स्वारी केली आणि त्याच वर्षी २५ नोव्हेंबर रोजी मालवणच्या बेटावर सिंधुदुर्गाचा पाया घातला. दुसरी स्वारी १६७० च्या ऑक्टोबरातली. मराठी वाचकाच्या मनात सुरत म्हणजे ह्या दोन स्वाऱ्या, एवढेच चित्र असते. परंतु त्या शहराची एक दुसरी संपत्ती होती. ती पेट्यांत भरून नेण्याजोगी नव्हती, कारण ती सुतारांच्या हातांत होती.

डांगच्या रानातील सागवान आणि तापीचा काठ यांमुळे सुरतेस जहाजबांधणीचा धंदा भरभराटीस आला. अठराव्या शतकाच्या मध्यास ह्या बाजूस आलेल्या जॉन हेन्री ग्रोस नामक इंग्रजाने १७५७ साली प्रसिद्ध केलेल्या प्रवासवर्णनात ह्या कारागिरीची तपशिलाने प्रशंसा केली आहे. सुरतेचे सुतार फळीला फळी नुसती भिडवीत नसत; एकीच्या काठात खाच पाडून दुसरीची कड तीत बसवीत, त्यामुळे सांध्यांतून पाणी शिरण्यास वाव राहत नसे. जहाजाच्या आतल्या वाकड्या आधारांसाठी सरळ लाकूड आगीवर वाकविण्याऐवजी मुळातच तशी वाकडी वाढलेली झाडे ते निवडून आणीत. तळाला लाकडाचे तेल चोळून तो टिकवीत. अशी जहाजे शंभर-शंभर वर्षे पाण्यावर राहत, असे तो लिहितो. ह्या वर्णनातील शेवटची गोष्ट परदेशी प्रवाशाची अतिशयोक्ती म्हणून सोडून देण्याचा मोह होईल. पण सागवानी जहाजाच्या वयाचा पुरावा पुढे यावयाचाच आहे.

१७३५ साली ईस्ट इंडिया कंपनीने सुरतेत 'क्वीन' नावाचे जहाज बांधावयास दिले. त्यावर देखरेख करण्यास मुंबईहून डडली नावाचा अधिकारी आला होता. कामावरील मुकादम लवजी नसरवानजी याची समज आणि मेहनत पाहून त्याने त्याला मुंबईस येण्याचा आग्रह केला. परंपरेने सांगितले जाते ते असे, की आपल्या मालकाची परवानगी मिळाल्यावाचून जागा सोडण्यास लवजीने नकार दिला. परवानगी मिळाली आणि १७३६ साली काही सुतार बरोबर घेऊन तो मुंबईस गेला. मुंबईच्या गोदीचा इतिहास येथून सुरू होतो. 'वाडिया' म्हणजे जहाज बांधणारा. हे त्या घराण्याचे आडनाव झाले, आणि सुमारे दीडशे वर्षे मुंबई गोदीच्या मुख्य बांधकामगाराची जागा त्याच घराण्यात राहिली. रतनजी अर्देशिर वाडिया यांनी १९५५ साली लिहिलेल्या ग्रंथात ह्या वंशाची सविस्तर हकीकत आहे.

कंपनीने ह्या घराण्यातील कर्त्या पुरुषांस मान म्हणून शाली दिल्या, तशाच चांदीच्या मोजपट्ट्याही दिल्या. आम्हांस ह्या दुसऱ्या देणगीचे महत्त्व अधिक वाटते. सुतारास तलवार देऊन गौरवावयाचे नसते; त्याचे माप हाच त्याचा मान. आणि लवजीच्या वंशजांनी जी खरी मजल मारली ती हीच, की हातातले माप त्यांनी कागदावरच्या मापाशी जुळवून घेतले. सुरतेचा कारागीर डोळ्याच्या अंदाजाने जहाज उभारीत असे. मुंबईतील त्याचा नातू लंडनहून आलेल्या नकाशाबरहुकूम, इंचाचाही फरक न करता, ते उभारू लागला.

ह्याचे उत्तम उदाहरण म्हणजे 'ट्रिंकोमाली' ही ४६ तोफांची युद्धनौका. नेपोलियनशी लढताना इंग्लंडात ओकाचे लाकूड पुरेना, तेव्हा १८१२ साली तिची मागणी मुंबईस नोंदविण्यात आली. तिचे नकाशे 'जावा' नावाच्या जहाजातून हिंदुस्थानाकडे निघाले. २९ डिसेंबर १८१२ रोजी ब्राझीलच्या किनाऱ्याजवळ 'कॉन्स्टिट्यूशन' ह्या अमेरिकन युद्धनौकेने 'जावा'चा पाडाव केला आणि ती जाळली; नकाशेही गेले. पण नकाशाची दुसरी प्रत काढता येते! ती काढून पुन्हा पाठविण्यात आली. मे १८१६ मध्ये काम सुरू झाले, जमशेटजी बमनजी वाडिया यांनी पारशी रिवाजाप्रमाणे तळाच्या सोटात चांदीचा खिळा ठोकला आणि १२ ऑक्टोबर १८१७ रोजी नौका पाण्यात लोटली. तिचा घाट मूळचा फ्रेंच. १७८२ साली इंग्रजांनी पकडलेल्या 'हेबे' नामक नौकेवरून उतरवून घेतलेला. म्हणजे फ्रेंचांची रेषा, इंग्रजांचा कागद, हिंदुस्थानातले सागवान आणि सुरतेच्या वंशाचा हात, असा तो चौघांचा संसार होता.

आज त्या नौकेची प्रतिकृती करू इच्छिणाऱ्या गृहस्थास अडचण कोणती? जवळजवळ कोणतीच नाही. ह्या वर्गाच्या नौकांचे मूळ नकाशे ग्रीनिच येथील नाविक संग्रहालयात सुरक्षित आहेत. तोफांच्या मजल्यावर तिची लांबी सुमारे दीडशे फूट व रुंदी सुमारे चाळीस फूट. पाव इंचास एक फूट धरला तर नमुना साडेसदतीस इंच लांब आणि दहा इंच रुंद होतो. नकाशावरून आडवे छेद कापावयाचे, ते तळाच्या सोटावर उभे करावयाचे, वाफेवर मऊ केलेल्या पातळ पट्ट्या एकेक करून त्यांवर वाकवीत न्यावयाच्या. एक गंमत मात्र ध्यानात ठेवण्याजोगी आहे. सागवानाच्या नौकेची चांगली प्रतिकृती सागवानात होत नाही. लाकडाचे रेशे लहान होत नाहीत. अठ्ठेचाळीसपट लहान केलेल्या नौकेवर सागाच्या रेषा नांगराच्या दोरासारख्या जाड दिसतात. म्हणून जाणकार मंडळी नासपतीसारखे बारीक पोताचे लाकूड घेतात. आणि तरीही शंका आलीच तर शेवटचा उपाय असा, की हार्टलपूल ह्या इंग्रजी बंदरात जाऊन मूळ नौकाच पाहून यावे. १८१७ साली मुंबईत पाण्यात शिरलेली 'ट्रिंकोमाली' अजून तेथे पाण्यावर आहे. ग्रोसने लिहिलेली शंभर वर्षे तिने केव्हाच मागे टाकली.

हे झाले एका पक्षाचे. आता दुसऱ्या पक्षाची कागदपत्रे तपासू.

शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडीच्या खाडीत १६५७ नंतरच्या दोन-तीन वर्षांत जहाजे बांधावयास आरंभ केला. फेब्रुवारी १६६५ मध्ये ८५ लहान गलबते व ३ मोठी जहाजे घेऊन ते मालवणहून बसरूरवर गेले आणि परतताना गोकर्णास उतरून महाबळेश्वराचे दर्शन घेतले. गोकर्णास आजही भक्तिभावाने जाणाऱ्या आमच्या वाचकांनी क्षणभर तो देखावा डोळ्यांसमोर आणावा: किनाऱ्याला लागलेली ती ८५ गलबते! पण डोळ्यांसमोर आणावयाचे म्हणजे नेमके काय आणावयाचे? त्यांतील एकाचीही लांबी-रुंदी आमच्यासमोर नाही. संख्या आहे, आकृती नाही.

कान्होजी आंग्रे यांच्या आणि त्यांच्या पुत्रांच्या आरमाराविषयी स्थिती थोडी बरी आहे, आणि तीही शत्रूच्या कृपेने. रॉबर्ट ऑर्म ह्या कंपनीच्या इतिहासकाराने गुराब आणि गलबत यांचे वर्णन केले आहे. त्याच्या म्हणण्याप्रमाणे गुराबेस बहुधा दोन डोलकाठ्या असत, काहींस तीन. तीन काठ्यांची सुमारे ३०० टनांपर्यंत, दोन काठ्यांची सुमारे १५० टनांपर्यंत. लांबीच्या मानाने रुंद, मध्यापासून पुढे निमुळती होत गेलेली, आणि पुढे लांब नाळ काढलेली. त्या नाळेवरून मारा करण्यासाठी समोर तोंड केलेल्या दोन मोठ्या तोफा. गलबत तशाच घाटाचे पण लहान, फार तर ७० टनांचे. एक भले मोठे त्रिकोणी शीड आणि चाळीस-पन्नास वल्ही. वर्णन उत्तम आहे. पण प्रतिकृतीकाराने ह्यावरून पटाशी उचलून पाहावी! टनांवरून जहाजाच्या पोटात किती माल मावेल ते कळते, पोटाचा आकार कळत नाही. 'लांबीच्या मानाने रुंद' म्हणजे तीनास एक की चारास एक? नाळ किती हात पुढे? शिडाचे कापड कोणत्या दिशेने शिवलेले? साक्षीदार गप्प बसतो.

आणि मूळ वस्तू? फेब्रुवारी १७५६ मध्ये वॉटसन आणि क्लाइव्ह यांनी विजयदुर्गावर हल्ला केला. तुळाजी आंग्रे यांचे आरमार किल्ल्याच्या आश्रयाने एकास एक बांधून उभे होते. कंपनीपासून पूर्वी जिंकून घेतलेल्या एका जहाजावर इंग्रजांचा गोळा पडून त्याने पेट घेतला. आग शेजारच्या गुराबांवर गेली, आणि संध्याकाळपर्यंत बहुतेक सारे आरमार जळून गेले. ह्या मोहिमेत नानासाहेब पेशव्यांचे सैन्य जमिनीच्या बाजूने इंग्रजांबरोबर होते, ही गोष्ट मराठी माणसाने लिहिताना लपवू नये. 'जावा' जळाली तेव्हा नकाशे जळाले, पण लंडनात दुसरी प्रत होती. विजयदुर्गी जहाजे जळाली तेव्हा दुसरी प्रत कोठेच नव्हती. ज्या सुतारांच्या हातात ती होती, ते सुतार पांगले आणि पुढे एकेक करून निवर्तले. वाघोटणच्या खाडीकाठी खडकात खोदलेली गोदी तेवढी राहिली आहे. पाळणा आहे, मूल नाही.

न्यायालयात काम करणाऱ्या माणसास ही परिस्थिती ओळखीची आहे. १८७२ चा पुरावा कायदा जाऊन १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झाला. तरी तोंडी साक्ष ज्याने प्रत्यक्ष पाहिले-ऐकले त्याचीच असावी, हे तत्त्व कायम आहे. नाविक अपघातांच्या दाव्यांत तर न्यायाधीशांपुढील मेजावर जहाजांचे लहान नमुने ठेवून कोणते जहाज कोठून आले हे दाखविण्याचा प्रघात आहे. तेथे नमुना शोभेसाठी नसतो. साक्षीदाराचे म्हणणे शक्य आहे की नाही, हे तो दाखवितो. मराठी गुराबेच्या नमुन्याकडेही आम्ही ह्याच दृष्टीने पाहतो. संग्रहालयांत व सभागृहांत मराठी आरमाराचे सुबक नमुने आपण पाहतो आणि अभिमानाने ऊर भरून येतो. पण त्यांतला कोणता भाग वर्णनावरून घेतला, कोणता आजच्या कोकणी मचव्यावरून, आणि कोणता कारागिराच्या कल्पनेतून, हे सांगणारी चिठ्ठी त्यांच्या बैठकीवर असावयास हवी. तशी चिठ्ठी नसेल तर अनुमान हेच काही वर्षांत प्रमाण होऊन बसते आणि पुढचा चित्रकार त्या नमुन्यावरून चित्र काढतो.

ह्या शोधात देवळांचे साहाय्य किती होते, हे पाहिले म्हणजे आश्चर्य वाटते. मुंबईत बोरिवलीजवळ एकसर येथे वीरगळांची रांग आहे. त्यांवर डोलकाठ्या उभारलेली, वल्ह्यांच्या ओळी असलेली लढाऊ जहाजे कोरली आहेत. तेराव्या शतकात शिलाहार सोमेश्वर आणि यादव महादेव यांच्यात झालेल्या सागरी युद्धाशी त्यांचा संबंध बहुतेक अभ्यासक जोडतात. जुन्या गोव्याच्या पुराणवस्तू संग्रहालयात कदंबकालीन नाविक युद्धाचा वीरगळ आहे. हे दगड म्हणजे आपल्याकडील युद्धनौकांच्या सर्वांत जुन्या प्रतिकृतींपैकी होत. परंतु त्यांची उलटतपासणी सावधपणे करावी लागते. शिल्पकाराने माणसे जहाजाच्या मानाने फार मोठी कोरली आहेत. त्याला वीर दाखवावयाचा होता, नौका नव्हे. वल्ह्यांची रांग होती, डोलकाठी होती, नाळ वर उचललेली होती, एवढे त्या दगडांवरून शपथेवर सांगता येईल. लांबी-रुंदी सांगता येणार नाही.

भोजराजाच्या नावावर असलेला 'युक्तिकल्पतरु' हा संस्कृत ग्रंथ ह्या बाबतीत उलट प्रकारचा साक्षीदार आहे. राधाकुमुद मुखर्जी यांनी १९१२ साली आपल्या भारतीय नौकानयनावरील ग्रंथात त्याकडे विद्वानांचे लक्ष वेधले. त्यात मापेच मापे आहेत: 'क्षुद्रा' नौका १६ हात लांब, ४ हात रुंद, ४ हात उंच, 'मंथरा' १२० हात लांब, ६० रुंद, ६० उंच. नौकेवरील खोलीस तो 'मंदिर' म्हणतो, आणि जिचे मंदिर पुढच्या बाजूस असते ती 'अग्रमंदिरा' नौका दूरच्या प्रवासास व युद्धास योग्य मानतो. शब्द ऐकून आम्हां देवळाच्या लोकांस हर्ष होतो. पण मंथरेची मापे घेऊन कोणी नमुना करावयास बसला तर त्याच्या लगेच ध्यानात येईल, की लांबीच्या निम्मी रुंदी आणि तितकीच उंची असलेली ती नौका पाण्यावर चालवावयास कठीण आहे. पोथी लिहिणाऱ्याने गोदी पाहिली होती की फक्त गणित मांडले होते, हा प्रश्न कागदावर शतकभर चर्चिता येतो. लाकडाचा तुकडा पाण्याच्या घंगाळात सोडला तर निदान प्रश्नाचे स्वरूप तरी एका संध्याकाळी स्पष्ट होते.

'हे सारे जुन्या काळचे झाले. आता सर्व गोष्टींची छायाचित्रे आहेत,' असे कोणी म्हणेल. त्यास दोन उत्तरे आहेत. 'आय. एन. एस. सुरत'चेच पाहा. नोव्हेंबर २०२३ मध्ये तिच्या मानचिन्हाचे अनावरण खुद्द सुरतेत झाले; त्यावर हजीऱ्याचा दीपस्तंभ आणि सिंह आहे. परंतु तिचे नकाशे राष्ट्राच्या रक्षणासाठी गुप्त आहेत, आणि ते तसेच असावेत. छंदी माणूस तिची प्रतिकृती प्रसिद्ध छायाचित्रांवरून, लांबीच्या एका आकड्यावरून आणि सावल्या मोजून करतो. म्हणजे दोनशे वर्षांपूर्वीची नौका इंचाइंचाने ठाऊक, अडीचशे-तीनशे वर्षांपूर्वीची हरवलेली, आणि आजची कुलूपबंद! तिन्ही ठिकाणी त्याचा धर्म एकच: किती ठाऊक आहे तेवढेच ठाम करावे.

दुसरे उत्तर अधिक कटू आहे. ४ मार्च १९६१ रोजी नौदलात दाखल झालेली आणि १९७१ च्या युद्धात बंगालच्या उपसागरात पराक्रम गाजविलेली पहिली 'विक्रांत' ही विमानवाहू नौका निवृत्तीनंतर २००१ पासून काही वर्षे मुंबईत तरंगते संग्रहालय म्हणून होती. पुढे तिची देखभाल झेपेना. तिला वाचविण्याची याचना उच्च न्यायालयात झाली, सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली. दोन्हीकडे अपयश आले, आणि २०१४ च्या अखेरीस दारूखान्यात तिचे तुकडे पडू लागले. न्यायालयांस दोष देता येत नाही. जतन करण्याचा खर्च हुकूमनाम्याने उभा राहत नाही. २ सप्टेंबर २०२२ रोजी त्याच नावाची नवी नौका देशाला मिळाली, ही आनंदाची गोष्ट; पण जुनी आता फक्त छायाचित्रांत आणि कपाटांतल्या प्रतिकृतींत आहे. लवजीच्या वंशजाने बांधलेले जहाज परक्या लोकांनी वर्गणी काढून राखले, आणि आपल्या विजयाचे जहाज आपल्याला राखता आले नाही. सारीच जहाजे कोणी राखू शकत नाही, हे आम्हांस मान्य आहे. पण ज्यास वस्तू राखता येत नाही त्याने निदान तिचे माप राखावे.

ह्या ठिकाणी आमच्या वाचकांकडे एक मागणे आहे. आपल्या देवळांशी निगडित असे किती लाकूडकाम आजही नांदते आहे! रथ आहेत, पालख्या आहेत, तळ्यांतील नौकाविहाराच्या होड्या आहेत. कुंभारजुव्यास गणेशोत्सवात दोन होड्या एकत्र बांधून सांगोड सजवितात आणि ती पाण्यातून मिरविते. ह्या होड्या कशा जोडतात, आधाराची लाकडे कोठे येतात, दोराची गाठ कोणती, हे जाणणारे वृद्ध कारागीर आपल्या गावांत अजून आहेत. तसेच कोकणच्या व गुजराथच्या खाड्यांवर नकाशावाचून जहाज बांधणारे सुतारही कोठे कोठे हयात आहेत. सुरतेचा एक सुतार मुंबईस गेला आणि त्याच्या घराण्याने हाताची विद्या कागदाला सांगितली, म्हणून त्याची जहाजे आज आपण पुन्हा उभी करू शकतो. विजयदुर्गचा सुतार काही कमी कुशल होता असे नाही. त्याला कोणी विचारले नाही, एवढेच.

तेव्हा देवस्थानांच्या समित्यांनी पुढील उत्सवापूर्वी एक मोजपट्टी, एक वही आणि चित्रकलेत गती असलेला एखादा विद्यार्थी एवढे साहित्य जमवावे. होडीची वा रथाची लांबी, रुंदी, उंची आणि दर हातावरचा आडवा छेद वहीत उतरवून घ्यावा. अवयवांची नावे कारागिराच्या तोंडची, जशी असतील तशी, कोकणीत असोत की मराठीत, लिहावी. वहीची एक प्रत गावाबाहेर ठेवावी. मग त्यावरून शाळेतल्या मुलांकडून दहास एक ह्या प्रमाणाने प्रतिकृती करवून घ्यावी. तिच्या बैठकीवर तीन ओळी असाव्यात: मापावरून काय घेतले, सांगण्यावरून काय घेतले, अनुमानाने काय भरले. ज्या दिवशी आंग्र्यांच्या गुराबेच्या नमुन्याखालीही अशा तीन ओळी दिसू लागतील, त्या दिवशी आपला सागरी इतिहास अभिमानाच्या पायरीवरून पुराव्याच्या पायरीवर चढला असे आम्ही समजू. आणि रात्री दिव्याखाली काडीएवढ्या डोलकाठीला दोरा गुंडाळणाऱ्या माणसास घरच्यांनी हसण्याऐवजी दिवा थोडा जवळ सरकवून द्यावा.